लहान मुलांची विचार करण्याची कौशल्यं आणि गणित-विज्ञानाची सुरुवात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती साधारण ३ ते ७ वर्षांच्या मुलांचे आईवडील, आजीआजोबा, अंगणवाडी सेविका आणि बालवाडीच्या ताईंसाठी आहे. यातला प्रत्येक खेळ घरातल्या वस्तूंनी होतो. चिंचोके, दाणे, बटणं वापरताना मोठं माणूस जवळ हवंच. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर खेळ संपताच डबा उंचावर ठेवा. या वस्तू नाकातोंडात जातात.

विचार करण्याची कौशल्यं म्हणजे नेमकं काय?

मुलाला कांदे-बटाट्यांची टोपली द्या आणि सांगा, "कांदे इकडे, बटाटे तिकडे." ते झालं की सगळं परत एकत्र करा आणि म्हणा, "आता लहान इकडे, मोठे तिकडे." दुसऱ्या वेळी मुलाला एकदम तीन गोष्टी कराव्या लागतात. नवा नियम डोक्यात धरून ठेवायचा. कांदा दिसला की हात जुन्या ढिगाकडे जातो, त्याला आवरायचं. आणि त्याच कांद्याकडे आता 'कांदा' म्हणून न बघता 'लहान वस्तू' म्हणून बघायचं.

मानसशास्त्रात यांना कार्यस्मृती, आत्मनियंत्रण आणि वैचारिक लवचीकता म्हणतात. तिघांना मिळून कार्यकारी क्षमता असं नाव आहे. या पानावर आपण धरून ठेवणं, थांबणं आणि नियम बदलणं असे साधे शब्द वापरू. या क्षमता ३ ते ५ या वयात फार झपाट्याने वाढतात आणि त्यांची वाढ तरुणपणापर्यंत चालू राहते. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाला अमुक जमत नाही म्हणजे कायमचं जमणार नाही, असा अर्थ कधीच काढू नका.

नियम विचारला तर बरोबर सांगतो, करताना मात्र चुकतो. मुद्दाम करतो का?

मुद्दाम नाही. यावर फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलं चित्रांचे पत्ते आधी रंगाप्रमाणे लावतात, मग त्यांना आकाराप्रमाणे लावायला सांगतात. तीन वर्षांची बरीच मुलं नवा नियम तोंडाने बिनचूक सांगतात आणि पत्ता मात्र जुन्याच ढिगावर ठेवतात. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना हा बदल जमतो. माहिती असणं आणि ऐन वेळी ती हाताला लागू करता येणं, यांत या वयात अंतर असतं. "सांगितलं होतं ना!" असं ओरडून ते कमी होत नाही.

उपयोग होतो तो एका छोट्या गोष्टीचा. वस्तू ठेवण्याआधी ती काय आहे हे नव्या नियमाप्रमाणे मुलालाच म्हणू द्या. हातात लाल मोठं बटण असेल आणि आता लहान-मोठ्याचा नियम चालू असेल तर विचारा, "हे कसं आहे?" मूल "मोठं" म्हणालं की हात बहुतेक वेळा बरोबर ढिगाकडे जातो.

याचा गणिताशी काय संबंध? गणित म्हणजे आधी आकडे शिकणं ना?

सात चिंचोके मोजताना काय काय करावं लागतं ते पाहा. प्रत्येक चिंचोक्याला एकच शब्द द्यायचा. शब्दांचा क्रम मोडायचा नाही. कोणते मोजून झाले ते लक्षात ठेवायचं. शेवटच्या चिंचोक्याला थांबायचं, जरी तोंडात "आठ, नऊ, दहा" ही पुढची लय तयार असली तरी. आणि शेवटचा शब्द सगळ्या ढिगाचा आहे, त्या एका चिंचोक्याचा नाही, हे समजायचं. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ साली मोजणीची जी पाच तत्त्वं मांडली, त्यांतली पहिली तीन म्हणजे एकास एक जोडी, ठरलेला क्रम आणि शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या. उरलेली दोन अशी: कोणत्याही वस्तू मोजता येतात, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच येतं.

म्हणून चूक कुठे झाली ते बघणं महत्त्वाचं. मूल एकच चिंचोका दोनदा मोजत असेल, तर त्याला "काय मोजलं" हे धरून ठेवणं जड जातंय. चिंचोके एका रांगेत मांडा, किंवा मोजलेला चिंचोका वाटीत टाकू द्या. बहुतेकदा चूक तिथेच थांबते. चिंचोके संपले तरी मूल पुढे म्हणत राहिलं, तर थांबणं कच्चं आहे. अशा वेळी बोट टेकवल्याशिवाय शब्द नाही, असं ठरवून सावकाश मोजा. क्रमच चुकत असेल (पाच, सहा, आठ), तर तेवढ्यापुरता पाठांतराचा सराव पुरतो. तिन्ही चुकांवर "परत मोज" हे एकच औषध दिलं जातं. त्याने मूल कंटाळतं आणि चूक तशीच राहते.

क्लँसी ब्लेअर आणि रेचेल रझा यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या मुलांना स्वतःला थांबवणं चांगलं जमत होतं त्यांचं सुरुवातीचं गणितही चांगलं होतं, आणि हा संबंध सर्वसाधारण बुद्धिमत्तेचा परिणाम वेगळा काढल्यावरही टिकला. एक गोष्ट सोबत होते म्हणून ती दुसरीचं कारण ठरत नाही, हे खरं. पण मोजणी उलगडून पाहिली की संबंध कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं.

मुलगी शंभरपर्यंत घडाघडा म्हणते. "सहा दे" म्हटलं की मूठभर देते. असं का?

अंक म्हणता येणं आणि संख्या कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅरन विन यांनी १९९०च्या सुमारास केलेल्या कामातून दिसलं की मुलांना आधी फक्त 'एक' कळतो. तेव्हा दोन मागा, पाच मागा, हाताला येतील तेवढे मिळतात. काही महिन्यांनी 'दोन' कळतो, मग 'तीन'. तीन-चारनंतर एके दिवशी कोडं सुटतं आणि मूल कोणतीही संख्या मोजून द्यायला लागतं. बऱ्याच मुलांत हे साडेतीन ते चार वर्षांच्या आसपास घडतं. मागेपुढे होतंच.

घरी असं पाहा. वाटीत १५ चिंचोके ठेवा. "मला एक दे." मग दोन, मग तीन. दिल्यावर विचारा, "मोजून बघू या, तीनच आहेत का?" चुकलं तर "मग तीन करायला काय करू या?" एवढंच म्हणा. स्वतः काढून घेऊ नका. मूल तीनला अडतंय, तर आठवडाभर तीनच्या आसपासच राहा: तीन पोळ्या, तीन चमचे, जिन्याच्या तीन पायऱ्या, टोपलीत तीन लिंबं. वीसपर्यंत मोजायला लावून तीन पक्का होत नाही. पाहुण्यांसमोर शंभरपर्यंत म्हणायला लावणं थांबवलंत तर आणखी चांगलं. मुलाला वाटायला लागतं की गणित म्हणजे न अडखळता बोलणं.

रांग पसरवली की "आता जास्त झाले" म्हणतो. समजावून सांगितलं तरी तेच.

जाँ पियाजे यांनी दाखवलेली ही गोष्ट जगभर आढळते. पाच-पाच चिंचोक्यांच्या दोन रांगा समोरासमोर ठेवा. सारख्या आहेत, हे मूल कबूल करतं. एक रांग पसरवली की लांब रांगेत जास्त आहेत असं म्हणतं. साधारण सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत हे चालू शकतं. ऑलिव्हिए हुदे यांचं म्हणणं असं की इथे मुलाला संख्या कळत नाही असं नाही, 'लांब म्हणजे जास्त' हा पटकन सुचणारा विचार त्याला रोखता येत नाही. एरवी तो विचार कामाचाच असतो. दुकानात बरण्यांची लांब रांग म्हणजे खरोखरच जास्त बरण्या.

प्रश्न कसा विचारला यानेही फरक पडतो. मोठ्या माणसाने गंभीरपणे रांग पसरवली आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, की मुलाला वाटतं उत्तर बदलायला हवं आहे. १९७४ साली मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी रांग एका खोडकर टेडी अस्वलाकडून विसकटून घेतली, तर कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. तुम्हीही बाहुलीच्या हाताने विसकटा. मग "जास्त कुठे?" विचारण्याऐवजी म्हणा, "एकेकाची जोडी लावून बघू. कोणी एकटं उरतं का?"

मराठी संख्यानावं मुलांना अवघड जातात का?

हो, आणि त्यामागे ठोस कारण आहे. 'बावन्न' ऐकलं की कानावर आधी दोन येतात, मग पन्नास. लिहिताना मात्र पाच आधी लिहायचे. म्हणजे आधी ऐकलेलं थांबवून ठेवायचं, नंतर ऐकलेलं आधी लिहायचं, आणि मग थांबवलेलं परत आठवायचं. सहा वर्षांच्या मुलासाठी हे बरंच काम आहे. म्हणून ५२ ऐवजी २५ लिहिलं जातं. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात, आणि तिथल्या मुलांच्याही अशाच अदलाबदलीच्या चुका होतात. त्यात आपल्याकडे 'एकोण' ची भर. 'एकोणसाठ' मध्ये साठ ऐकू येतं, मूल ६९ लिहून मोकळं होतं. एकोणीस ते एकोणनव्वद हा नियम पाळला जातो आणि ९९ ला मात्र 'नव्व्याण्णव'.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर वाद झाला. भाषेच्या अंगाने कोणाचं काय मत असेल ते असो. शिकणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिलं तर त्या वाचनामागची अडचण खरी आहे. आमचं मत असं की रूढ नावं सोडायची गरज नाही, पण मधला पूल द्यायला हवा.

तो पूल असा बांधा. आइस्क्रीमच्या किंवा झाडूच्या काड्या घ्या. दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा, बाकी सुट्या ठेवा. ५२ साठी डावीकडे पाच गठ्ठे, उजवीकडे दोन सुट्या. मूल आधी हाताने मांडेल, मग म्हणेल "पाच दशक दोन सुटे, बावन्न", आणि शेवटी लिहील. क्रम हाच ठेवा. आधी लिहायला लावलं तर काड्यांचा उपयोग उरत नाही. ५९ साठी सहा गठ्ठे मांडून एकातली एक काडी काढायला सांगा. 'साठाला एक उणा' हे तेव्हा हाताला कळतं. गठ्ठे मुलानेच बांधावेत. तयार गठ्ठ्यात दहा आहेत यावर बरीच मुलं विश्वास ठेवत नाहीत आणि प्रत्येक वेळी सोडून मोजतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असेल, किंवा मूल परदेशात वाढत असेल, तर दोन भाषांत क्रम वेगळा येतो. अर्थ समजेपर्यंत, म्हणजे दहापर्यंतच्या संख्या पक्क्या होईपर्यंत, मुलाच्या बळकट भाषेत मोजा. दुसऱ्या भाषेतली नावं त्यावर लवकर बसतात.

बोटांवर मोजू द्यावं का?

नक्की द्यावं. बोटांमुळे संख्या डोक्यात धरून ठेवायचं ओझं हातावर जातं आणि डोकं प्रश्नाकडे लक्ष देऊ शकतं. पहिली-दुसरीपर्यंत बोटं हवीतच. बंदी घातली तर मूल पाठीमागे हात लपवून मोजतं, नाहीतर अंदाजे ठोकून देतं. पेरांवर मोजणं मात्र थोडं उशिरा शिकवा. एका बोटाला तीन पेरं, हा हिशेब लहान मुलाला गोंधळात टाकतो.

थांबणं आणि नियम बदलणं वाढवणारे खेळ कोणते?

आपल्याकडे ते पूर्वीपासून आहेत. सगळ्यांत चांगला तळ्यात-मळ्यात. जमिनीवर खडूने एक गोल किंवा रेघ, बस्स. पण तो वयाप्रमाणे चढवत न्यायला हवा.

तिसऱ्या वर्षी: सावकाश बोला आणि स्वतःही सोबत उडी मारा. दोन मिनिटं पुरे. चौथ्या वर्षी: तुम्ही उडी मारू नका, फक्त बोला. मधूनच तोच शब्द दोनदा म्हणा: "तळ्यात… मळ्यात… मळ्यात!" इथे बरीच मुलं सवयीने आत उडी मारतात. हेच तर शिकायचं आहे. पाचव्या वर्षी: तोंडाने 'मळ्यात' म्हणत स्वतः तळ्यात जा, म्हणजे बघायचं सोडून ऐकावं लागेल. सहाव्या वर्षी उलटा नियम लावा: 'तळ्यात' म्हटलं की बाहेर.

आता यात गणित घाला: "पाचपेक्षा मोठी संख्या ऐकली तर तळ्यात, लहान असेल तर मळ्यात. तीन! आठ! सहा! चार!" मुलं थोडा वेळ थांबून, विचार करून उडी मारायला लागतात. विज्ञान घाला: "जिवंत असेल तर तळ्यात. मुंगी! बस! आंब्याचं झाड! ढग!" झाड आणि ढग यांवर मुलं अडखळतात, कारण 'हलतं ते जिवंत' हा विचार आधी येतो. खेळ थांबवून तिथेच व्याख्या सांगत बसू नका. खेळ संपल्यावर "झाड कुठे टाकायचं?" यावर बोला.

बिघडतं कुठे? चुकलेल्याला 'बाद' करण्यात. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच पहिल्या मिनिटाला भिंतीशी बसतो. बाद काढून टाका, चुकलेलाही खेळतच राहील. दुसरं म्हणजे वेग. पहिल्या फेरीपासून भरभर बोललं की खेळ नशिबाचा होतो.

चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड हाही त्याच जातीचा. यात उडणारे जास्त घ्या, साधारण चारातले तीन. बोट वर न्यायची सवय आधी लागली पाहिजे, तरच 'म्हैस' ला थांबायचा कस लागतो. निम्मे-निम्मे घेतले तर सवयच लागत नाही. 'शिवाजी म्हणतो' पाच वर्षांच्या आसपास जमायला लागतो. त्याआधी खेळायला हरकत नाही, पण जमेल अशी अपेक्षा धरू नका.

धरून ठेवण्यासाठी: "बाजारात गेले, भेंडी आणली." पुढचा म्हणतो, "बाजारात गेले, भेंडी आणली, लिंबू आणलं." चार वर्षांचं मूल दोन-तीन नावांपर्यंत जातं. त्यापुढे भाज्यांची चित्रं किंवा खऱ्या भाज्या समोर ठेवा.

सापशिडी चालेल का?

चार वर्षांच्या मुलाला सापशिडीचा पट अवघड असतो. ओळ संपली की दिशा उलटते, शंभर घरं असतात, शिवाय साप आणि शिड्या. त्याआधी एका सरळ रेषेत डावीकडून उजवीकडे १ ते १० घरं आखा. फासा म्हणून अर्धा फोडलेला चिंचोका: पांढरी बाजू वर आली तर एक घर, काळी आली तर दोन.

या खेळाची किल्ली मोजण्याच्या पद्धतीत आहे. सोंगटी ४ वर आहे आणि दोन घरं जायचं आहे, तर मुलाने "एक, दोन" न म्हणता घरातले आकडे म्हणायचे: "पाच, सहा." रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली अशाच दहा घरांच्या पटावर अमेरिकेतल्या गरीब कुटुंबांतल्या मुलांना खेळवलं. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रं झाली. तेवढ्यात मोजणी, आकडे ओळखणं आणि लहान-मोठी संख्या सांगणं सुधारलं, आणि नऊ आठवड्यांनीही टिकून होतं. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांत ही सुधारणा दिसली नाही. दहाचा पट सहज झाला की वीसचा करा, सापशिडी त्यानंतर.

एवढ्या लहान मुलांना विज्ञान कसलं शिकवायचं?

माहिती शिकवायची घाई नको. अंदाज करणं, बघणं, आणि अंदाज चुकला तर मत बदलणं, हे या वयातलं विज्ञान. शेवटच्या गोष्टीला थांबणं आणि नियम बदलणं, दोन्ही लागतात.

उन्हाळ्यात कलिंगड आणलं की मोठं घमेलं किंवा टब काठोकाठ न भरता पाण्याने भरा. एक द्राक्षही घ्या. मुलाला दोन्ही हातात देऊन विचारा, "कोणतं बुडेल?" बहुतेक मुलं कलिंगडाकडे बोट दाखवतात. कलिंगड तरंगतं, द्राक्ष तळाला जातं. आता लाटणं, रुपयाचं नाणं, बटाटा, सफरचंद, स्टीलची वाटी घ्या. प्रत्येक वस्तू टाकण्याआधी अंदाज विचारा आणि तो कागदावर वर किंवा खाली बाण काढून नोंदवा. नोंद हवीच. नाहीतर निकाल दिसल्यावर मूल प्रामाणिकपणे म्हणतं, "मी हेच सांगितलं होतं." जुना अंदाज त्याच्या लक्षातच राहत नाही.

मग जमिनीवर चार चौकोन आखा: जड आणि तरंगणारं, जड आणि बुडणारं, हलकं आणि तरंगणारं, हलकं आणि बुडणारं. वस्तू लावायला सांगा. एका वस्तूकडे एकाच वेळी दोन बाजूंनी बघणं पाच वर्षांनंतर जमू लागतं, त्याआधी दोनच चौकोन ठेवा. संत्रं सालासकट तरंगतं आणि सोलून टाकलं तर सहसा बुडतं, हे शेवटी दाखवा. वजन तर कमी झालं! इथे 'घनता' हा शब्द सांगायचा मोह होतो. सांगू नका. मूल "जड असतं ते बुडतं" सोडून "काहीतरी वेगळं आहे" इथवर आलं, तरी मोठी मजल झाली. आपली पहिली समजूत पुरती पुसली जात नाहीच. मोठ्या माणसांनाही सहज समजुतीच्या विरुद्ध जाणारं शास्त्रीय विधान तपासायला जास्त वेळ लागतो, हे प्रयोगांत दिसलं आहे.

एक पूर्ण प्रयोग सांगाल का, पायऱ्यांसह?

मटकीचा घ्या. साधारण तीन-चार दिवस चालतो.

चार वाट्या आणि प्रत्येकी १० दाणे. पहिलीत कोरडे दाणे, कोरड्या फडक्यावर. बाकीच्या तिन्हींसाठी मटकी रात्रभर भिजवा. दुसरीत ओलं फडकं, ओट्यावर उजेडात. तिसरीत ओलं फडकं, पण बंद कपाटात. चौथीत दाणे पूर्ण बुडतील इतकं पाणी. वाट्यांवर अक्षरं न लिहिता थेंब, सूर्य, चंद्र अशी चित्रं चिकटवा. चार वर्षांच्या मुलाबरोबर पहिल्या दोनच वाट्या करा. चार वाट्यांचे चार फरक त्याला एकदम डोक्यात धरता येत नाहीत.

सुरुवातीला अंदाज: कोणत्या वाटीत मोड येतील? 'उजेडातल्या' असं उत्तर हमखास येतं. रोज ठरावीक वेळी, समजा संध्याकाळच्या दिव्याच्या वेळी, बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही वाट्यांत मोड येतात. मोड यायला उजेड लागत नाही, ओल, हवा आणि ऊब लागते. दोन-तीन दिवसांनी कपाटातले कोंब लांब आणि फिकट दिसतील. चौथ्या वाटीत मोड धड वाढत नाहीत आणि वास यायला लागतो, कारण बुडालेल्या दाण्याला पुरेशी हवा मिळत नाही. वास आला की ती वाटी टाकून द्या. हे दाणे खायचे नाहीत.

गणित इथेच जोडा. रोज एका मोडाच्या लांबीचा दोरा कापून कागदावर शेजारी शेजारी चिकटवा. तिसऱ्या दिवशी आलेख तयार होतो, पट्टी न वापरता. मोजायला प्रत्येक वेळी तोच दाणा घ्या, त्यावर पेनाने ठिपका करा.

फसतं कशाने: एप्रिल-मे मध्ये फडकं दुपारीच वाळतं, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. थंडीत मोड एक दिवस उशिरा येतात, आणि मोड यायच्या आतच मूल कंटाळतं आणि प्रयोग बंद होतो. जुनी मटकी घेतली तर काही दाणे कुठेच उगवत नाहीत, म्हणून एक-दोन न घेता दहा दाणे. आणि उत्साहाने कपाटातल्या वाटीला जास्त पाणी घातलं, तर दोन गोष्टी एकदम बदलल्या. मग फरक अंधाराचा की पाण्याचा, हे सांगता येत नाही. मुलाला तेवढंच विचारा: "या दोन वाट्यांत काय काय वेगळं आहे?" उत्तर 'एकच गोष्ट' असं यायला हवं.

तो सारखा "का?" विचारतो. प्रत्येक वेळी उत्तर द्यायचं का?

वस्तूचं नाव किंवा सुरक्षेची गोष्ट असेल तर लगेच सांगा. जे बघून कळण्यासारखं आहे, तिथे आधी "तुला काय वाटतं?" आणि मग किमान पाच सेकंद गप्प. पाच सेकंद खूप लांब वाटतात, पण मुलाला शब्द जुळवायला ते लागतात. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या अभ्यासात, नव्या खेळण्याची एक करामत मुद्दाम शिकवून दाखवली तर मुलांनी त्यातल्या बाकीच्या करामती कमी शोधल्या. ज्यांना ती शिकवली नव्हती त्यांनी जास्त शोधल्या. नवी वस्तू हातात दिल्यावर दोन मिनिटं काहीच न दाखवता बसा.

मेंदूला चालना देणारी ॲप्स आणि वर्ग घ्यावेत का?

आमचं मत: नाही. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या संगणकीय सरावाच्या अभ्यासांचा मोनिका मेल्बी-लेरवॉग आणि चार्ल्स ह्यूम यांनी २०१३ साली एकत्रित आढावा घेतला. मूल त्या सरावाच्या खेळात पटाईत होतं, पण गणितात सुधारणा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणून विचाराची कौशल्यं वेगळी काढून घोटवण्यापेक्षा ती मोजणीत, वर्गीकरणात, पाण्याच्या टबात वापरायला लावणं बरं. पैसेही वाचतात.

आणि पाढे?

पाढे पाठ असणं पुढे कामाला येतं, कारण सात आठे आठवायला लागलं नाही की डोकं उरलेल्या गणितासाठी मोकळं राहतं. पण तीन-तीनचे गट मांडता यायला लागल्यावर. पाच वर्षांच्या मुलाला त्याची गरज नाही.

वर्गात तीस मुलं आहेत. हे सगळं कसं जमणार?

तीस जणांसाठी महागडं साहित्य लागत नाही, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांत दाखवून दिलं आहे. शंख-शिंपले, बिया, पानं, दगड हेच त्यांचं साहित्य. वर्गात चार बदल सगळ्यांत जास्त उपयोगी पडतात.

सूचना दोन-दोनच द्या. "पाटी काढा, गोल काढा, त्यात पाच ठिपके द्या आणि जागेवर ठेवून ओळीत या" ही चार-पाच कामं एका श्वासात सांगितली, तर निम्म्या मुलांच्या डोक्यात शेवटचं तेवढं राहतं आणि आपल्याला वाटतं त्यांचं लक्ष नाही. क्रमाची चित्रं फळ्यावर काढा. हात वर करणाऱ्या पहिल्या मुलाला लगेच उत्तर देऊ देऊ नका, सगळ्यांनी बोटांनी उत्तर छातीशी धरून दाखवू दे. आणि एकच साहित्य दोन नियमांनी लावायला द्या: आज पानं रंगाप्रमाणे, उद्या तीच पानं काठाप्रमाणे.

मांडणीच्या नमुन्यांसाठी तोरण उत्तम. झेंडू, पान, झेंडू, पान हे सगळ्यांना जमतं, आणि इथेच थांबलं जातं. झेंडू, पान, पान घ्या. मग विचारा, "परत परत येणारा तुकडा कोणता?" आणि तोच नमुना टाळ्या-चुटक्यांनी करायला सांगा: टाळी, चुटकी, चुटकी. साहित्य बदलूनही नमुना तोच ठेवता आला, तर तो समजला. निपुण भारत अभियानात (जुलै २०२१ पासून) तिसरीच्या अखेरपर्यंत पायाभूत संख्याज्ञान हे उद्दिष्ट आहे. त्याची तयारी वर्कशीटपेक्षा अशा कामांतून पक्की होते.

रोज किती वेळ द्यावा?

दहा-पंधरा मिनिटं, आणि तीही स्वयंपाक करताना, कपड्यांच्या घड्या घालताना. मूल झोपाळलेलं किंवा भुकेलं असेल तर त्या दिवशी सोडून द्या. थकल्यावर पहिली कोलमडते ती थांबण्याची शक्ती. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तज्ज्ञांना कधी दाखवावं?

चौथ्या वर्षी जागेवर न बसणं, खेळात चुकणं, आकडे उलटे लिहिणं हे एकेकटं असेल तर काळजीचं नाही. पाच वर्षं पूर्ण होऊनही तीन वस्तू मोजून देता येत नाहीत, एका वेळी एक साधी सूचनाही पाळता येत नाही, शिकलेले शब्द किंवा कौशल्यं मागे पडत आहेत, किंवा ऐकण्या-बघण्याबद्दल शंका आहे, तर थांबू नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. वर्गात मागे बसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या मुलावर 'लक्ष नाही' असा शिक्का सहज बसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी मोफत होते आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं. अंगणवाडी सेविकेकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. गणिताच्या अध्ययन अक्षमतेचं निदान सहसा पहिली-दुसरीनंतरच खात्रीने करता येतं, त्यामुळे चार वर्षांच्या मुलाला कोणी तसं लेबल लावलं तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या. जाताना सोबत मुलाच्या चुकांची आठवडाभराची नोंद न्या: काय सांगितलं होतं, मुलाने काय केलं, आणि कोणत्या मदतीने जमलं.